तपासणी दोघांची

विवाहाला दोन-तीन वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की चौकशीला प्रारंभ होतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, नणंदेच्या डोहाळजेवणाला, शेजारच्या बारशाला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो आणि तो विचारला जातो केवळ सुनेला. तिच्या पतीला बाजूला घेऊन "तुझे काय?" असे कोणी विचारत नाही. पुढे विषय दवाखान्यापर्यंत जातो तेव्हाही हीच रीत चालू राहते. सून सासूबाईंबरोबर किंवा आईबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. रक्ताच्या तपासण्या होतात, थायरॉइड पाहिले जाते, सोनोग्राफी होते. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी एचएसजी नावाची क्ष-किरण तपासणी होते; काही वेळा भूल देऊन दुर्बिणीतून पोटाच्या आतही पाहिले जाते. या साऱ्यात वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. मग एखादे दिवशी फाइल चाळता चाळता डॉक्टर विचारतात, "यांचा रिपोर्ट कुठे आहे?"

तो रिपोर्ट नसतो. कारण 'यांना' वेळ झालेला नसतो.

सुशिक्षित, नोकरदार, मुलीच्या शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या आणि स्त्रीसन्मानावरील भाषणांना मनापासून टाळ्या वाजवणाऱ्या घरांतही हे घडते, ही या विषयातील सर्वांत खेदाची बाब आहे. वैद्यकशास्त्राची भूमिका यासंबंधी पुरेशी स्पष्ट आहे. संततिनियमनाचे कोणतेही साधन न वापरता बारा महिने नियमित सहवास होऊनही गर्भधारणा झाली नाही, तर त्या जोडप्याची तपासणी करावी. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच करावी. येथे 'जोडप्याची' हा शब्द महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेसतरा टक्के प्रौढांना, म्हणजे साधारणपणे सहांपैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला तोंड द्यावे लागते. त्यांतील जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, कधी एकटे तर कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळून येते. म्हणजे आपल्या परिचयाच्या ज्या दहा सुनांना आजवर औषधे चालू आहेत, त्यांतील चार-पाच जणींच्या पतींकडेही पाहणे आवश्यक असण्याचा संभव आहे.

पुरुषाची पहिली तपासणी ती काय? वीर्यतपासणी. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून प्रयोगशाळेत नमुना द्यायचा, काहीशे रुपये भरायचे आणि बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कागद हातात पडतो. सुई नाही, भूल नाही, वेदना नाही. शुक्राणूंची संख्या किती, त्यांची हालचाल कशी, घडण कशी, एवढे त्यात पाहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या प्रयोगशाळा-मार्गदर्शिकेत संख्येची खालची मर्यादा एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख इतकी धरली आहे. त्या आकड्याच्या वर गेले म्हणजे सारे आलबेल आणि खाली आले म्हणजे सारे संपले, असा मात्र त्याचा अर्थ नाही. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्यास अडीच-तीन महिने लागतात. मध्यंतरी येऊन गेलेल्या मोठ्या तापाची खूणही अहवालात उमटते. म्हणूनच पहिला अहवाल कमी आला, तर काही काळाने दुसरा नमुना तपासून मगच मत बनवतात.

आता दुसरी बाजू पाहावी. एचएसजीमध्ये गर्भाशयाच्या मुखातून रंगद्रव्य आत सोडतात आणि ते नलिकांतून पुढे सरकते की नाही हे क्ष-किरणांखाली पाहतात. कित्येक स्त्रियांना त्या वेळी पोटात तीव्र कळा येतात. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे एक मोठे कारण आहे, त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासणेही अनेकदा गरजेचे ठरते. या तपासण्या निरर्थक आहेत असे कोणी म्हणणार नाही; त्यांच्यामुळे कारण सापडून हजारो संसार फुलले आहेत. प्रश्न क्रमाचा आहे. सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी आणि निम्मी शंका एका दिवसात दूर करू शकणारी तपासणी सर्वांच्या शेवटी, आणि तीही विनवण्या केल्यावर व्हावी, हा क्रम कोणत्या शास्त्रात बसतो? पतीच्या वीर्यात शुक्राणूच नसतील, तर पत्नीला महिनोन्महिने दिलेल्या बीज वाढवण्याच्या गोळ्यांनी काय साधणार होते?

यात पुरुषाचेही नुकसान आहे, हे सहसा लक्षात येत नाही. वयात आल्यावर झालेला गालगुंड अंडकोशापर्यंत पोहोचलेला असू शकतो. अंडकोशाभोवतीच्या शिरा फुगलेल्या असू शकतात. त्यावर शस्त्रक्रिया आहे. मधुमेह, तंबाखू, धूम्रपान, मद्य या सर्वांचा परिणाम होतो. व्यायामशाळेत दंड भरदार दिसावेत म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना तर ठाऊकही नसते की, बाहेरून मिळालेल्या या संप्रेरकामुळे शरीर शुक्राणू निर्माण करणेच थांबवते. यातील काही कारणे दूर करता येतात, वेळीच कळली तर. क्वचित वीर्यतपासणीतूनच एखाद्या गंभीर आजाराचा पहिला सुगावा लागतो. तपासणी टाळणारा पती पत्नीला यातना देतो, हे खरेच. पण स्वतःवरील उपचाराची संधीही तो हातची घालवत असतो.

मग तो टाळतो का? उत्तर आपल्या बोलीतच सापडते. मराठीत 'वांझ' हा शब्द स्त्रीला चिकटलेला आहे. पुरुषासाठी तसा रोजच्या वापरातला शब्द नाही. जो आहे तो 'नपुंसक', आणि त्याचा अर्थ सर्वस्वी वेगळा. प्रजननक्षमता आणि पौरुष या दोन भिन्न गोष्टी आहेत. धडधाकट, कर्तबगार, वैवाहिक जीवनात कोणतीही उणीव नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात. भाषेने केलेली ही गल्लत मनात इतकी खोल रुजली आहे की, प्रयोगशाळेच्या दारातून आत जाणे हीच अनेकांना मानहानी वाटते. घरची वडील माणसेही "आमच्या मुलात काही खोट नाही" असे परस्पर सांगून मोकळी होतात. कोणत्या आधारावर, हे त्यांना विचारण्याची सोय नसते.

हा संकोच परंपरेतून आला असे समजण्याचेही कारण नाही. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात एक निपुत्रिक दांपत्य उभे केले आहे. राजा दिलीप आणि राणी सुदक्षिणा एकाच रथात बसून वसिष्ठांच्या आश्रमात जातात. राजा आपले दुःख मोकळेपणाने सांगतो. वसिष्ठ ध्यान लावून जे कारण सांगतात, ते राणीच्या ठायी नाही. ते राजाच्या हातून घडलेल्या प्रमादात आहे. इंद्राच्या भेटीहून परतताना कल्पवृक्षाच्या सावलीतील सुरभी धेनूला प्रदक्षिणा न घालता तो पुढे निघून गेला होता. त्यावर सांगितलेले व्रतही दोघांचे आहे. नंदिनीची पूजा करून तिला सकाळी निरोप देण्याचे आणि सायंकाळी सामोरे जाण्याचे काम राणीकडे, तर दिवसभर रानोमाळ तिच्यामागे हिंडण्याचे राजाकडे. महाभारतकारांनीही पांडूची असमर्थता कुठे झाकून ठेवलेली नाही. ज्यांच्या देवघरात हे ग्रंथ आहेत, त्यांच्याच घरात सोळा सोमवार सुनेने करायचे आणि मुलाने त्या दिवशी बाहेर जेवायचे, हा प्रघात नंतर केव्हा तरी पडलेला दिसतो.

तपासण्यांनंतर उपचारांचा टप्पा येतो. सुरुवात गोळ्या आणि ठरावीक दिवसांच्या सोनोग्राफीने होते. त्यानंतर पतीचे शुक्राणू प्रक्रिया करून गर्भाशयात सोडण्याची आययूआय पद्धत, आणि तेही न फळल्यास आयव्हीएफ, म्हणजे बोलीभाषेतील टेस्ट ट्यूब बेबी. आयव्हीएफच्या एका आवर्तनात स्त्रीला साधारणतः दहा-बारा दिवस रोज पोटावर इंजेक्शने घ्यावी लागतात. एकाआड एक दिवस सोनोग्राफी होते. अखेरचे इंजेक्शन घड्याळ लावून दिले जाते आणि त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी भूल देऊन बीजे बाहेर काढतात. प्रयोगशाळेत फलन होते, तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी भ्रूण गर्भाशयात सोडला जातो, अथवा गोठवून पुढच्या महिन्यासाठी ठेवला जातो. अंडाशय औषधांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देऊन पोटात पाणी होण्याचा धोका असतो. तो क्वचित गंभीर रूप धारण करतो. आणि या सगळ्यानंतर दोन आठवडे नुसते थांबायचे.

हे दोन आठवडे सर्वांत जड जातात, असे या वाटेने गेलेली जोडपी सांगतात. ऑफिसात काही सांगितलेले नसते. माहेरी थोडे ठाऊक असते, सासरी निम्मे. रक्ताच्या तपासणीचा आकडा संध्याकाळी फोनवर कळतो आणि तो नकाराचा असेल, तर रात्रीच्या कुकरची शिट्टी नेहमीप्रमाणेच व्हावी लागते. पहिल्याच प्रयत्नात यश न येणे हेच अधिक जणांच्या वाट्याला येते, हे आधी कोणी समजावून सांगितलेले नसेल, तर ती स्त्री तो दोष पुन्हा आपल्याच पदरी घेते. "त्या दिवशी जिना चढले म्हणून झाले असेल," असे तिला वाटत राहते. जिना चढल्याने असे काही होत नाही. भ्रूण न रुजण्याचे एक प्रमुख कारण त्याच्याच गुणसूत्रांतील दोष हे असते आणि त्यावर तिचा काहीही इलाज नसतो.

या काळात पतीने काय करायचे, याची यादी फार मोठी नाही. सोनोग्राफीला बरोबर जायचे. इंजेक्शनची वेळ लक्षात ठेवायची. "काय झाले?" असे विचारणाऱ्या नातेवाइकांना स्वतः उत्तर द्यायचे आणि ते देताना "उपचार आमच्या दोघांवर चालू आहेत" असे म्हणायचे, मग कारण कोणाकडेही असो. समाजाच्या कामासाठी रोजची संध्याकाळ देणाऱ्या, रात्री-अपरात्री बैठकीहून परतणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरांतून हे जास्त सहजपणे व्हायला हवे. प्रत्यक्षात तसे होतेच असे नाही. अनेक घरांत कार्यकर्त्याची पत्नी रुग्णालयाच्या बाकावर एकटीच बसलेली आढळते आणि तिचा तो एकटेपणा त्यागाच्या खात्यावर जमा केला जातो. सासूबाईंचेही स्थान येथे मोठे आहे. ज्या घरात सासूने एकदाच, पण चारचौघांत, "घाई आम्हाला नाही" असे म्हटले, त्या घरातील सुनेचे निम्मे ओझे तेथेच उतरते.

संकोचापोटी पाळलेल्या मौनाची किंमत या देशाने एकदा मोजलेली आहे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, ऐन नवरात्राच्या दिवसांत कोलकात्यात दुसरे जन्मले. डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांचे दोन सहकारी यांनी अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी, भ्रूण गोठवून ठेवण्याची युक्ती वापरून हे साध्य केले होते. परंतु मातापित्यांना लोकापवादाची धास्ती होती. मुलीची ओळख उघड होऊ नये अशी त्यांची इच्छा होती आणि डॉक्टरांनी ती पाळली. जगापुढे ती 'दुर्गा' या नावानेच आली. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने डॉक्टरांचा दावा फेटाळला, परदेशी परिषदेत शोध मांडण्यास त्यांना परवानगी मिळाली नाही, पुढे तर नेत्रविभागाच्या संस्थेत त्यांची बदली झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

१९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा चावडा हिचा जन्म झाला. भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून अधिकृत नोंद झाली ती तिची. या प्रयोगामागील शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांच्या हस्तलिखित नोंदी अभ्यासल्या आणि पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, असे जाहीरपणे लिहिले. स्वतःच्या नावावरील श्रेय असे उचलून दुसऱ्याला देणे विज्ञानाच्या क्षेत्रात विरळाच. 'दुर्गा', म्हणजे कनुप्रिया अगरवाल, २००३ मध्ये पंचविसाव्या वाढदिवशी स्वतः समाजापुढे आली. हर्षा २०१६ मध्ये आई झाली, तेव्हा प्रसूतीला डॉ. हिंदुजाच होत्या.

केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात रुजलेले हे शास्त्र आज जिल्ह्याच्या गावी आणि बसच्या पाठीवरील जाहिरातीत पोहोचले आहे. खासगी केंद्रात एका आवर्तनाचा खर्च लाख-दीड लाखापासून पुढे जातो आणि बहुतेक आरोग्य विमा योजना वंध्यत्वावरील उपचार वगळतात. दागिने मोडून किंवा हप्त्यांवर पैसा उभा केला जातो. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये बांबोळी येथे मोफत उपचारांचे केंद्र सुरू केले, ही स्तुत्य वाट इतरांनीही धरावी अशी आहे. दुसरीकडे 'हमखास यशा'ची भाषा करणाऱ्यांपासून दूर राहणेच बरे. शरीरशास्त्र हमी देत नाही. स्त्रीच्या पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने उतरतात आणि चव्वेचाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर यश अगदी क्वचित मिळते. हे आकडे ज्या केंद्रात पहिल्याच भेटीत सांगितले जातात, ते केंद्र निवडावे.

या क्षेत्राला कायद्याची चौकट मिळण्यास मात्र फार वेळ लागला. सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. दोघांची लेखी संमती हवी. यशाची शक्यता, खर्च, धोके, जुळ्या-तिळ्यांची शक्यता या साऱ्याविषयी समुपदेशन करणे केंद्रावर बंधनकारक आहे. बीजदान करणारी स्त्री २३ ते ३५ वयाची असावी, तिने ते आयुष्यात एकदाच करावे आणि तिच्याकडून सातांहून अधिक बीजे घेऊ नयेत, असेही कायदा सांगतो. हे शेवटचे कलम गरीब घरांतील मुलींच्या शरीराचा बाजार रोखण्यासाठी आहे. ते कागदावर राहू नये, याकडे समाजातील जाणत्यांनी लक्ष ठेवले पाहिजे.

आणखी एका प्रलोभनाबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. एवढा खर्च करतोच आहोत तर मुलगाच पाहून द्या, अशी मागणी दबक्या आवाजात होते. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी त्याचे लिंग पाहून निवड करणे हा गुन्हा आहे. १९९४ च्या कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीने गर्भधारणापूर्व निवडही त्याच्या कक्षेत आणली. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. अपत्यासाठी तळमळणाऱ्या घरानेच येणाऱ्या अपत्याला अटी घालाव्यात, याहून मोठी विसंगती कोणती असेल?

उपचार कोठे थांबवायचे, हा निर्णयही दोघांनी आरंभीच बोलून ठेवणे चांगले. किती आवर्तने, किती पैसा, किती वर्षे. हे न ठरवता चालणारी जोडपी थकून जातात आणि दत्तकाचा विचार तेव्हा करू लागतात, जेव्हा वेळ हातून गेलेली असते. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षांपर्यंतचे बालक हवे असल्यास पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या बालकासाठी ती मर्यादा ९० आहे. पती ४५ आणि पत्नी ४१ वर्षांची झाली की तान्ह्या बालकाची वाट बंद होते. उपचारांत गेलेली प्रत्येक दोन वर्षे या बेरजेत चार होऊन उतरतात. शिवाय अर्जदार जोडप्यांच्या मानाने दत्तकासाठी उपलब्ध बालके फार थोडी असल्याने नोंदणीनंतरही बहुतेकांना काही वर्षे प्रतीक्षा करावी लागते.